फादर जॉर्ज लमेत्र : विश्वाच्या आरंभाचा शोध घेणारा धर्मगुरु

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं त्यांच्या जन्ममृत्यूचीं सालें पाठ करण्यासाठीं नव्हे. ज्या प्रसंगीं सामान्य मनुष्याचें पाऊल घसरतें, त्या प्रसंगीं त्या पुरुषाचें पाऊल कसें स्थिर राहिलें, हें पाहणें हाच चरित्रवाचनाचा खरा लाभ होय. अशा प्रसंगांत दारिद्र्य, संकट व अपमान यांची गणना आपण नेहमीं करतों. परंतु मनुष्याची परीक्षा पाहणारा आणखी एक प्रसंग असतो, आणि तो म्हणजे सारें आपल्या मनासारखें घडण्याचा. आपणांस जें खरें असावेंसें वाटतें तेंच खरें ठरूं लागलें, आणि थोरामोठ्यांनीं त्याबद्दल आपली पाठ थोपटली, म्हणजे सत्याच्या मर्यादेंत राहणें फार कठीण जातें. या कसोटीस उतरलेल्या एका गणितज्ञ धर्मगुरूचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

हेंच चरित्र निवडण्यास एक कारण आहे. वरच्या वर्गांत विज्ञान शिकवितांना एक प्रश्न आम्हांस कोणी ना कोणी विद्यार्थी दरवर्षीं विचारतोच. पवित्र शास्त्राच्या तासाला देवानें आकाश व पृथ्वी उत्पन्न केल्याचें ऐकावें आणि भूगोलाच्या तासाला खडक कोट्यवधि वर्षांचे जुने असल्याचें ऐकावें, तर या दोहोंपैकीं खरें कोणतें मानावयाचें? पालकांपैकीं कित्येकांस अशी भीति वाटते कीं, मुलगा विज्ञानाकडे वळला म्हणजे देवाधर्मास मुकेल. उलट कांहीं पालक एखाद्या नव्या शोधाची बातमी घेऊन येतात आणि आतां विज्ञानानेंच देव सिद्ध केला असें मोठ्या समाधानानें सांगतात. या दोन्ही प्रकारच्या मंडळींस लमेत्र यांच्या आयुष्यापासून कांहीं घेण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म बेल्जम देशांतील शार्लरुआ या शहरीं ता. १७ जुलै १८९४ रोजीं झाला. हा प्रांत कोळशाच्या खाणी व कांचेचे कारखाने यांसाठीं प्रसिद्ध होता, आणि जॉर्जचे वडील जोझेफ लमेत्र यांचाहि कांचेचा कारखाना होता. चार भावंडांत जॉर्ज हा सर्वांत वडील. त्याचें शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेंत झालें. आपण धर्मगुरु व्हावें आणि शास्त्रज्ञहि व्हावें, असे दोन्ही निश्चय त्यानें वयाच्या नवव्या वर्षींच केले होते. या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतील, अशी शंका त्या बालमनास शिवली नाहीं, आणि पुढें आयुष्यभरहि ती कधीं शिवली नाहीं. मध्यंतरीं वडिलांचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. तेव्हां वडिलांनीं एका बँकेंत नोकरी धरली आणि सारें कुटुंब ब्रसेल्स या राजधानीच्या शहरीं राहावयास गेलें. १९११ सालीं जॉर्ज लूव्हाँ येथील कॅथलिक विश्वविद्यालयांत इंजिनियरिंगचा अभ्यास करूं लागला.

तो अभ्यास पुरा व्हावयाचा होता, तोंच १९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मन सैन्य बेल्जममध्यें शिरलें. वीस वर्षांचे लमेत्र आपला भाऊ जाक याच्यासह स्वयंसेवक म्हणून सैन्यांत दाखल झाले. प्रथम पायदळांत व मग तोफखान्यांत अशीं चार वर्षें त्यांनीं काढलीं. इझेर नदीकाठच्या लढाईंत ते होते. १९१५ च्या एप्रिल महिन्यांत ईप्र शहराजवळ विषारी क्लोरिन वायूचा पहिला मोठा हल्ला झाला, तोहि त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला. त्यांच्या कामगिरीबद्दल त्यांस बेल्जमचें युद्धपदक मिळालें. तोफांच्या नेमासंबंधींच्या पुस्तकांतील गणिताची चूक दाखविल्यामुळें वरिष्ठांची गैरमर्जी होऊन त्यांची बढती राहिली, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयीं सांगतात. खंदकांत जो थोडा निवांत वेळ मिळे, त्यांत हे तरुण शिपाई प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाचे ग्रंथ वाचीत असत.

युद्ध संपल्यावर लमेत्र यांनीं इंजिनियरिंग सोडलें. १९२० सालीं गणितांत डॉक्टरची पदवी मिळवून त्याच वर्षीं ते मालीन येथें धर्मगुरूंच्या विद्यालयांत गेले. तेथें असतांना उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पदार्थविज्ञानाच्या भाषेंत उलगडून दाखविण्याचा एक खटाटोप त्यांनींहि करून पाहिला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या मोहापासून पुढें ते कटाक्षानें दूर राहिले, त्या मोहाची ओळख त्यांस तरुणपणींच झालेली होती. कार्डिनल मेर्सिए यांनीं या बुद्धिमान विद्यार्थ्यास गणिताचा व्यासंग चालूं ठेवण्याची मोकळीक दिली, आणि ता. २२ सप्टेंबर १९२३ रोजीं स्वहस्तें त्यांस धर्मगुरूची दीक्षा दिली. त्या अवधींत लमेत्र यांनीं आइनस्टाइन यांच्या पदार्थविज्ञानावर एक प्रबंध लिहिला. त्या प्रबंधाच्या जोरावर त्यांस परदेशीं जाण्यासाठीं शिष्यवृत्ति मिळाली.

येथें आइनस्टाइन यांच्या सिद्धांताची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. न्यूटन यांच्या मतें गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन वस्तूंनीं एकमेकींस ओढणें. आइनस्टाइन यांनीं १९१५ सालीं असें दाखविलें कीं, द्रव्याच्या योगें अवकाश व काल यांच्या रचनेसच बाक येतो, आणि वस्तु त्या बाकदार वाटेनें जातात. द्रव्य किती आहे आणि त्यामुळें अवकाशास किती बाक येतो, यांचा संबंध जोडणारीं समीकरणें त्यांनीं मांडलीं. आतां आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे कीं, वर्गसमीकरण सोडविलें असतां त्यास पुष्कळदां दोन उत्तरें येतात, आणि मूळ प्रश्नास त्यांपैकीं कोणतें लागूं पडतें हें आपणांस पाहावें लागतें. आइनस्टाइन यांच्या समीकरणांचीहि गोष्ट तशीच आहे. सारें विश्व द्रव्यानें सर्वत्र सारखें भरलेलें आहे असें धरून तीं सोडविलीं, तर जें उत्तर येतें तो संबंध विश्वाचा एक आराखडा होय. असे आराखडे एकाहून अधिक निघूं शकतात. त्यांपैकीं देवाच्या सृष्टीशीं जुळणारा कोणता, हें केवळ कागदावर ठरत नाहीं. त्यासाठीं आकाशाकडे पाहावें लागतें.

पहिला आराखडा स्वतः आइनस्टाइन यांनींच १९१७ सालीं काढला. विश्व अनादि काळापासून जसेंच्या तसें आहे, असें त्या काळीं सर्वांप्रमाणें त्यांसहि वाटत होतें. परंतु समीकरणें तसें सांगेनात. द्रव्य आपल्याच आकर्षणानें एकत्र गोळा होऊं पाहत होतें. म्हणून त्यांनीं समीकरणांत एक नवें पद घातलें आणि विश्वास स्थिर केलें. या पदास वैश्विक स्थिरांक म्हणतात. त्याच वर्षीं हॉलंडचे ज्योतिषी डी सिटर यांनीं दुसरा आराखडा काढला. त्यांत द्रव्य मुळींच नव्हतें. पहिल्यांत द्रव्य होतें पण गति नव्हती, दुसऱ्यांत गति होती पण द्रव्य नव्हतें. खरें विश्व मात्र द्रव्यानेंहि भरलेलें दिसत होतें आणि गतिमानहि दिसूं लागलें होतें.

१९२२ सालीं रशियांतील पेट्रोग्राड शहरीं अलेक्झांडर फ्रीडमन या गणितज्ञानें असें सिद्ध केलें कीं, याच समीकरणांतून पसरणारें अथवा आकुंचन पावणारें विश्वहि निघूं शकतें. आइनस्टाइन यांनीं प्रथम त्यांत चूक असल्याचें प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं चूक आपलीच असल्याचें त्यांनीं कबूल केलें, तरी खरें विश्व तसें असेल असें त्यांस वाटलें नाहीं. फ्रीडमन १९२५ सालीं विषमज्वरानें अवघ्या ३७ व्या वर्षीं वारले आणि त्यांचें काम विस्मृतींत गेलें. लमेत्र यांस त्याची वार्ताहि नव्हती.

लमेत्र १९२३ सालीं इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें प्रसिद्ध ज्योतिर्विद एडिंग्टन यांच्या हाताखालीं शिकावयास गेले, आणि पुढील वर्षीं अमेरिकेंत हार्वर्डच्या वेधशाळेंत शॅप्ली यांच्याकडे गेले. गणिती मनुष्य म्हटला म्हणजे तो खोलीचें दार लावून आंकडेमोड करणारा, अशी आपली समजूत असते. लमेत्र यांनीं तसें केलें नाहीं. आकाशांत धुरकट दिसणारे चक्राकार तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, तिच्यासारख्याच अफाट तारकांच्या वसाहती आहेत, हा हबल यांचा शोध १९२५ सालच्या प्रारंभीं वॉशिंग्टन येथील सभेंत वाचला गेला, तेव्हां लमेत्र तेथें हजर होते. या वसाहतींस आज आपण दीर्घिका म्हणतों. नंतर त्यांनीं ॲरिझोना प्रांतीं जाऊन स्लायफर यांची भेट घेतली आणि कॅलिफोर्नियांत जाऊन हबल यांचीहि घेतली.

स्लायफर यांनीं काय केलें होतें, तें समजण्यास रेल्वेच्या फाटकाजवळ उभें राहावें. गाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हां शिटीचा स्वर चढा लागतो, आणि ती पुढें निघून गेली म्हणजे तोच स्वर उतरतो. प्रकाशाचेंहि असेंच होतें. दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशांतील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकतात. स्लायफर यांनीं पुष्कळशा दीर्घिकांचा प्रकाश तपासला, तेव्हां बहुतेकांच्या रेषा तांबड्याकडे सरकलेल्या आढळल्या. म्हणजे त्या आपणांपासून दूर चालल्या होत्या, आणि त्याहि सेकंदास शेंकडों किलोमीटर वेगानें. असें कां व्हावें, हें कोणास नीट सांगतां येईना.

तें लमेत्र यांनीं सांगितलें. बेल्जमला परतून लूव्हाँ येथें अध्यापक झाल्यावर १९२७ सालीं त्यांनीं ब्रसेल्सच्या एका शास्त्रीय मंडळाच्या नियतकालिकांत फ्रेंच भाषेंत एक निबंध प्रसिद्ध केला. आइनस्टाइन यांच्या समीकरणांचें द्रव्यहि असलेलें आणि प्रसरणहि पावणारें असें उत्तर त्यांनीं त्यांत काढलें, आणि दीर्घिकांच्या वेगाचें कारण हें प्रसरणच होय असें दाखविलें. दीर्घिका अवकाशांतून पळत नाहींत. त्यांच्यामधील अवकाशच वाढत आहे. विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. रबराच्या पट्टीवर एकेक इंचावर शाईचे ठिपके द्यावे आणि पट्टी ताणून दुप्पट करावी. पहिल्या ठिपक्यापासून एक इंचावरचा ठिपका आतां दोन इंचांवर गेला, म्हणजे तो एक इंच सरकला. दोन इंचांवरचा चारांवर गेला, म्हणजे दोन इंच सरकला. तीन इंचांवरचा सहांवर गेला, म्हणजे तीन इंच सरकला. कोणत्याहि ठिपक्यावरून पाहिलें तरी हाच अनुभव येईल, आणि जो ठिपका जितका दूर तितका त्याचा वेग अधिक दिसेल. लमेत्र यांनीं ४२ दीर्घिकांचे वेग व अंतरें घेऊन या प्रसरणाचें मानहि काढलें. एक मेगापार्सेक, म्हणजे सुमारें ३२.६ लक्ष प्रकाशवर्षें, इतक्या अंतरास सेकंदाला ६२५ किलोमीटर असें तें आलें. अंतरें मोजण्याचीं साधनें तेव्हां अपुरीं होतीं म्हणून हा आंकडा फार मोठा आला. आज तो ७० च्या आसपास धरतात. परंतु नियम तोच आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत ब्रसेल्स येथें जगांतील अग्रगण्य पदार्थवैज्ञानिकांची परिषद भरली होती. तेथील एका बागेंत लमेत्र यांची आइनस्टाइन यांच्याशीं गांठ पडली. आइनस्टाइन यांनीं निबंध वाचला होता. गणित बिनचूक आहे असें त्यांनीं मान्य केलें. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें ही कल्पना त्यांस अगदीं किळसवाणी वाटली, आणि तसें त्यांनीं स्पष्ट सांगितलेंहि. फ्रीडमन यांच्या कामाची माहिती लमेत्र यांस प्रथम मिळाली ती याच भेटींत. तेहेतीस वर्षांच्या अप्रसिद्ध अध्यापकास जगांतील सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञानें असें म्हणावें, आणि आपला शोध आपल्या आधीं दुसऱ्यानें अंशतः लावला आहे हेंहि त्याच दिवशीं कळावें, यापरता हिरमोड तो कोणता? तथापि लमेत्र रागावले नाहींत आणि आपला निष्कर्ष त्यांनीं मागेंहि घेतला नाहीं. दीर्घिकांच्या वेगांची खबर आइनस्टाइन यांस पुरेशी नाहीं, एवढीच गोष्ट त्यांनीं मनांत टिपून ठेवली.

१९२९ सालीं हबल यांनीं अंतर व वेग यांचें तेंच प्रमाण आपल्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध केलें आणि त्यांचें नांव सर्वतोमुखी झालें. १९३० च्या प्रारंभीं लंडन येथें एडिंग्टन व डी सिटर यांनीं या कोड्याची चर्चा केली, ती लमेत्र यांच्या वाचनांत आली. कोडें आपण तीन वर्षांपूर्वींच सोडविलें आहे, असें त्यांनीं आपल्या जुन्या गुरूंस नम्रपणें कळविलें. एडिंग्टन यांस तो निबंध पाठविलेला होता; परंतु त्यांस त्याचा विसर पडला होता. आपली चूक ध्यानीं येतांच त्यांनीं शिष्याचें काम सर्वांपुढें आणलें आणि १९३१ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर छापविलें. त्या भाषांतरांत मात्र प्रसरणाचें मान काढल्याचा परिच्छेद नव्हता. तो कोणी मुद्दाम गाळला कीं काय, असा संशय पुष्कळ वर्षें राहिला. अखेर २०११ सालीं लमेत्र यांचें एक पत्र उजेडांत येऊन असें ठरलें कीं, भाषांतर त्यांनीं स्वतःच केलें होतें, आणि नवीं निरीक्षणें उपलब्ध असतां आपले जुने आंकडे पुन्हां छापण्यांत अर्थ नाहीं असें समजून तो भाग त्यांनींच गाळला होता. शोधाच्या मानावर हक्क सांगावा, हा विचारच त्यांच्या मनांत आलेला दिसत नाहीं. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विदांच्या संघानें त्या नियमास हबल-लमेत्र नियम म्हणावें, अशी बहुमतानें शिफारस केली. तोंवर लमेत्र यांस जाऊन ५२ वर्षें झालीं होतीं.

प्रसरण पावणारें विश्व उलट दिशेनें मागें नेलें, तर तें लहान लहान होत गेलें पाहिजे. १९३१ च्या मे महिन्यांत 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकांत लमेत्र यांनीं एक लहानसें पत्र छापलें आणि असें सुचविलें कीं, विश्वांतील सारें द्रव्य आरंभीं एकाच अणूंत सांठविलेलें असावें, आणि त्या आद्य अणूचें विघटन होऊन आजचें विश्व झालें असावें. एडिंग्टन यांस ही आरंभाची कल्पना रुचली नाहीं. अनेकांस असा संशय आला कीं, हा पाद्री गणिताच्या झग्याखालून उत्पत्तीचें पुस्तक आंत आणीत आहे. परंतु त्या पत्राची मूळ टंकलिखित प्रत जपून ठेवलेली आहे, आणि तिच्या शेवटीं देवासंबंधीं जें वाक्य होतें, त्यावर लमेत्र यांनीं स्वतःच्या हातानें काट मारलेली दिसते. तें वाक्य त्यांस खोटें वाटलें म्हणून नव्हे. पदार्थविज्ञानाच्या पत्रांत त्याची जागा नाहीं, म्हणून.

आरंभाचा विचार करतांना एक मोठी अडचण आली. त्या वेळच्या आंकड्यांवरून विश्वाचें वय दोनशें कोटि वर्षांच्या आंत येऊं लागलें, आणि पृथ्वीवरील जुन्या खडकांचें व ताऱ्यांचें वय त्याच्याशीं जुळेना. लेंकरूं आईहून वडील ठरावें, तसा हा प्रकार झाला. लमेत्र यांनीं नवा आराखडा काढला. त्यांत विश्व प्रथम वेगानें पसरतें, मग दीर्घ काळ जवळजवळ थबकतें, आणि पुढें पुन्हां वाढत्या वेगानें पसरूं लागतें. यासाठीं त्यांस वैश्विक स्थिरांकाची गरज होती. आइनस्टाइन यांनीं तर प्रसरण मान्य केल्यावर तें पद टाकून दिलें होतें. दोघांत या पदावरून पुढें पुष्कळ वाद झाला, परंतु स्नेह कमी झाला नाहीं. रिकाम्या अवकाशाच्या अंगीं असणाऱ्या ऊर्जेशीं या पदाचा संबंध असावा, असेंहि लमेत्र यांनीं १९३४ सालीं सुचविलें. त्याच वर्षीं बेल्जमचा मोठा मानाचा फ्रांकी पुरस्कार त्यांस राजे लिओपोल्ड यांच्या हस्तें मिळाला. १९९८ सालीं विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत असल्याचें आढळलें, तेव्हां टाकून दिलेल्या त्या पदास ज्योतिषशास्त्रांत पुन्हां मानाची जागा मिळाली.

त्यांच्या कल्पनेस प्रबळ विरोधकहि भेटले. १९४८ सालीं इंग्लंडमधील हॉइल, बाँडी व गोल्ड यांनीं असें मत मांडलें कीं, विश्वास आरंभच नाहीं. तें पसरत जातें आणि नवें द्रव्य सतत निर्माण होऊन तें सदा सारखेंच राहतें. १९४९ सालीं रेडिओवरील एका भाषणांत हॉइल यांनीं विरुद्ध मतास महास्फोट असें नांव दिलें, आणि तेंच नांव जगभर रूढ झालें. कोल्हापुरास जन्मलेले व पुण्यास आयुका ही संस्था उभी करणारे आपले डॉ. जयंत नारळीकर हे या हॉइल यांचेच शिष्य. महास्फोटाविषयींची आपली शंका त्यांनीं २०२५ सालीं निधन होईपर्यंत सोडली नाहीं. विज्ञानांत अशा प्रामाणिक शंकेचें स्थान मोठें आहे. तिच्यामुळेंच दुसऱ्या पक्षास आपला पुरावा घांसून पुसून घ्यावा लागतो.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों, ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला. ता. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं पोप बारावे पायस यांनीं रोम येथील आपल्या विज्ञान-परिषदेपुढें भाषण केलें. ठराविक काळापूर्वीं विश्वास आरंभ झाला असें विज्ञान सांगत आहे, तेव्हां उत्पत्तिकर्त्याविषयींच्या श्रद्धेस विज्ञानाचा पाठिंबा मिळत आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. लमेत्र हे त्या परिषदेचे १९३६ पासूनचे सभासद. ज्या धर्मगुरूच्या गणितांतून हा आरंभ निघाला, त्याच्या दृष्टीनें यापेक्षां मोठा गौरव कोणता? स्वतःच्या धर्मसंस्थेच्या सर्वश्रेष्ठ अधिकाऱ्यानें त्याच्या शोधास जणूं आशीर्वाद दिला होता. गप्प बसून मान घेतला असता, तर कोणीहि दोष दिला नसता.

परंतु लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, आद्य अणु ही अद्यापि एक कल्पनाच आहे. निरीक्षणांनीं ती उद्यां खरी ठरेल किंवा खोटीहि ठरेल. तिच्यावर श्रद्धेची इमारत उभारली, तर कल्पना ढासळण्याच्या दिवशीं श्रद्धाहि ढासळेल. शिवाय गणितांतील आरंभ म्हणजे ज्याच्या अलीकडचें मोजतां येतें असा क्षण. देवानें जग निर्माण करणें ही गोष्ट निराळी, आणि ती कोणत्याहि समीकरणांत सांपडणारी नव्हे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत गुप्त असणाऱ्या देवाची जी कल्पना आहे, ती त्यांस फार प्रिय होती. जो देव दुर्बिणींतून दिसूं शकेल अथवा दुर्बिणीनें नाकारतां येईल, तो त्यांचा देवच नव्हता. १९५२ सालीं दक्षिण आफ्रिकेस जातांना ते मुद्दाम रोमला थांबले, आणि व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशीं व पोपमहाराजांच्या कचेरींतील अधिकाऱ्यांशीं त्यांनीं विचारविनिमय केला. त्या वर्षीं सप्टेंबरांत रोम येथें ज्योतिर्विदांची जागतिक परिषद भरली. पोपमहाराजांनीं तीपुढें भाषण केलें, परंतु विज्ञानास सृष्टिनिर्मितीचा साक्षीदार करणारा तो मुद्दा पुन्हां काढला नाहीं. वरिष्ठांचें मन न दुखवितां त्यांस सत्याची मर्यादा दाखवून देणें, हें खंदकांतील शौर्याहून कमी प्रतीचें शौर्य आम्ही समजत नाहीं. पुढें १९६० सालीं त्याच परिषदेचें अध्यक्षपद लमेत्र यांस देण्यांत आलें, हें त्या धर्मसंस्थेसहि भूषणावह आहे.

त्यांचें खासगी जीवन साधें होतें. स्थूल देह, काळा झगा आणि मोठ्यानें हंसण्याची संवय यांमुळें लूव्हाँच्या विद्यार्थ्यांस ते दुरूनहि ओळखूं येत. पियानो वाजविणें व लांब फिरावयास जाणें यांची त्यांस आवड होती. दुसऱ्या महायुद्धांत १९४४ सालीं त्यांच्या राहत्या घरावर बाँब पडला. आंकडेमोडीच्या यंत्रांचें त्यांस वेड होतें, आणि १९५८ सालीं लूव्हाँ विश्वविद्यालयांत पहिला इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आला तो त्यांच्याच खटपटीनें. साठी उलटून गेलेले हे अध्यापक त्या यंत्राची भाषा एखाद्या नव्या विद्यार्थ्याप्रमाणें शिकत बसत.

आद्य अणूच्या विघटनाचा कांहीं अवशेष आजहि आकाशांत सांपडावा, असें लमेत्र यांस वाटे. विश्वकिरण हेच ते अवशेष होत असें त्यांनीं धरलें होतें. येथें मात्र ते चुकले; विश्वकिरणांचा उगम निराळा आहे. परंतु अवशेष खरोखरच होता. १९६४ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं पेन्झियास व विल्सन हे दोघे शास्त्रज्ञ एका मोठ्या अँटेनावर काम करीत असतां, आकाशाच्या सर्व दिशांनीं सारखीच येणारी एक मंद खरखर त्यांस ऐकूं येऊं लागली. त्यांनीं यंत्र तपासलें, त्यांत घरटें केलेल्या पारव्यांची घाणहि साफ केली. तरी खरखर थांबेना. अखेर असें ठरलें कीं, बाल्यावस्थेंतील तप्त विश्वाचा प्रकाश प्रसरणानें निवत निवत निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंशांवर आला आहे, आणि तोच सर्वत्र भरून राहिला आहे. १९६५ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, आणि १९७८ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्या वेळीं लमेत्र दुखणाईत होते. १९६४ च्या अखेरीस त्यांस हृदयविकाराचा झटका आला होता, आणि पुढें रक्ताच्या कर्करोगानें त्यांस गांठलें. त्यांचे सहकारी ओदोन गोदार यांनीं अंथरुणाशीं जाऊन ही वार्ता त्यांस सांगितली. पस्तीस वर्षें ज्याची वाट पाहिली, तो पुरावा असा अखेरच्या दिवसांत हातीं आला. ता. २० जून १९६६ रोजीं लूव्हाँ येथें त्यांनीं देह ठेवला.

आज विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटि वर्षें मानतात, आणि खडकांशीं व ताऱ्यांशीं तें नीट जुळतें. लमेत्र यांचा आद्य अणु त्यांनीं कल्पिला त्या स्वरूपांत राहिला नाहीं. तेव्हां त्यावर आपल्या धर्माचा भार न टाकण्यांत त्यांनीं केवढें शहाणपण दाखविलें, हें आतां कोणाच्याहि ध्यानीं येईल.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रांतून प्रथम हें घ्यावें कीं, प्रश्न विचारण्यास भिऊं नये, आणि उत्तर मनाजोगें आलें म्हणजे तें दुप्पट काळजीनें तपासावें. पालकांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, विज्ञानानें मुलाची श्रद्धा हिरावली जाईल म्हणून भिऊं नये, आणि विज्ञानानें ती सिद्ध करून द्यावी अशी अपेक्षाहि धरूं नये. ज्या मुलास घरीं व शाळेंत खरें बोलण्याची संवय लागली, तो वेधशाळेंतहि खरें बोलेल आणि प्रार्थनामंदिरांतहि खरें बोलेल. फादर लमेत्र सकाळीं वेदीपुढें उभे राहत आणि दुपारीं फळ्यापुढें उभे राहत. दोन्ही ठिकाणीं मनुष्य एकच होता.